करंगळीला मिरची झोंबली नाही : कुष्ठरोगाच्या उपचाराचं माझं वर्ष

मला कुष्ठरोग झाला होता. २३ जानेवारी २०२४ ला औषध सुरू झालं आणि २३ डिसेंबरला संपलं. नाव-गाव सांगणार नाही, मुलगा अजून शाळेत आहे. बाकी मात्र काही लपवत नाही. औषध सुरू झालं त्या रात्री मी मोबाइलवर मराठीत शोधत बसले होते. सापडल्या त्या घोषणा, नाहीतर झडलेल्या बोटांचे फोटो. लघवी लाल झाली तर घाबरायचं का, शेजारच्यांना कळवतात का, कामावर जाता येतं का, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. ते इथे लिहिते.

आमचं घर भिवापूरच्या बाजूला, नागपूर जिल्ह्याच्या टोकावर. हा मिरचीचा पट्टा. घरी एकरभर मिरची, बाकी सोयाबीन आणि थोडी पऱ्हाटी. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले, फॉर्म, ऑनलाइन अर्ज, गावातला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो.

२०२२ च्या पावसाळ्यात उजव्या कोपराखाली एक चट्टा दिसला. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, जरा तांबूस, कडा अस्पष्ट. तालुक्याला एका खाजगी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि गजकर्ण म्हणाले. मलम दिलं. महिन्याने दुसरं दिलं, मग तिसरं. फी आणि ट्यूब धरून दीड वर्षात तीनेक हजार गेले. चट्टा मोठा झाला आणि त्याला सोबतीही आले, दंडावर, पाठीवर, मांडीवर. गजकर्ण असेल तर खाज सुटायला हवी, मला तर तिथे काहीच होत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलंही. त्यावर ‘मग चांगलंच आहे’ असं उत्तर मिळालं. चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून बघायला काय लागतं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मिरचीचा दुसरा तोडा घरी आला. आम्ही बायका अंगणात देठ खुडायला बसलो होतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको : पहिला तासभर काही वाटत नाही, मग बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला आग सुरू होते आणि ती रात्री झोपेपर्यंत पुरते. ताक लावा, तेल लावा, राहतेच. त्या संध्याकाळी माझा डावा हात पेटला होता. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोटही. पण उजव्या करंगळीला, तळहाताच्या त्या बाजूच्या कडेला काही म्हणता काही नव्हतं. अनामिकेचं तर अर्धंच बोट जळत होतं, मधल्या बोटाकडची बाजू.

सासूबाईंच्या लक्षात आलं. मी उजव्या हाताने चुलीवरचा गंज (पातेलं) उतरवला आणि त्याचा काठ करंगळीच्या कडेला टेकलेला त्यांना दिसला.
“काहून वं, तुले चटका नाही बसला?”
हात पाहिला तर कातडी पांढरी पडली होती. सकाळी तिथे फोड होता. त्याच जागी आणखी एक जुना डाग होता, तो केव्हा पडला हे मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी आशाताई गरोदर बायकांची यादी घेऊन पंचायतीत आल्या, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन हात दाखवला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “वहिनी, चट्ट्याला खाज येते का? घाम येते का?” दोन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मंगळवारी पीएचसीत कुष्ठरोगाचे सर येतात. मी येतो सोबत.” मला ते नाव ऐकून कसंतरीच झालं. नोव्हेंबरात कुष्ठरोग शोध अभियानाची टीम घरोघर फिरली होती. तेव्हा मी एका बैठकीला नागपूरला गेले होते आणि घरच्यांनी ‘सगळे ठीक आहेत’ सांगून त्यांना वाटेला लावलं होतं.

२३ जानेवारी, मंगळवार. पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे केस पेपरचे पैसे लागत नाहीत. आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा, पुढे लागते. दहाला पोचलो, नंबर लागला साडेअकराला. आधी वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तपासलं, मान दुखते का, मणक्याला मार लागला का हे विचारलं, मग कुष्ठरोग तंत्रज्ञांकडे पाठवलं. नोकरीची शेवटची वर्षं राहिलेले गृहस्थ होते, शांत. खिडकीशी उजेडात स्टुलावर बसवलं. सोबत आशाताई आणि सिस्टर होत्या. पाठ आणि मांडी तपासताना पडदा ओढला आणि सिस्टर थांबल्या. बायांनो, हे मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

ही तपासणी जरा सविस्तर सांगते, कारण लोक रक्ताची चाचणी असेल असं समजून घाबरतात. निदानाला सुईसुद्धा लागली नाही.

आधी त्यांनी कापसाची टोकदार वात केली. डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टेकवून दाखवली, ‘असं लागेल तिथे बोट ठेवायचं’ म्हणाले. मग डोळे मिटायला सांगितले. डाव्या हातावर, कपाळावर मी बरोबर बोट ठेवत होते. चट्ट्यांवर कधी बोट दोन इंच भलतीकडे जायचं, कधी जायचंच नाही. मी वाट बघत बसायची आणि तेवढ्यात ते म्हणायचे, ‘झालं टेकवून.’

मग काचेच्या दोन नळ्या आल्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत गार. कोपराखालच्या चट्ट्यावर नळी टेकवली की काहीतरी टेकलंय हे मला कळत होतं, पण गरम की गार हे सांगता येईना. मी अंदाजाने ‘गार’ म्हणत गेले. डोळे उघडले तेव्हा गरम नळी टेकलेली होती. त्या क्षणी मी घाबरले. स्पर्श कळतो आणि ऊन-गार कळत नाही, असं होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं.

सर म्हणाले, “दोन्हीच्या तारा वेगळ्या असतात, ताई.” नंतर मी यावर बरंच वाचलं. स्पर्शाचे तंतू जाड असतात, त्यांच्याभोवती मायलिनचं जाड आवरण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला ३० ते ७० मीटर वेगाने जातो. ऊन, गार आणि वेदना यांचं काम बारीक तंतूंकडे असतं. त्यातल्या काहींना पातळ आवरण असतं, त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. उरलेले अगदी बारीक, बिनआवरणाचे, त्यांतून संदेश सेकंदाला मीटरभर सरकतो. बोट दारात चेमटलं की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मागून ठणका येतो, तो या दोन वेगांतल्या फरकामुळे. मिरचीची आग संथ तंतूंवरून येते. खाजही बहुतांशी त्याच तंतूंतून येते, म्हणून माझ्या ‘गजकर्णा’ला ती नव्हती.

कुष्ठरोगात साधारणपणे हे बारीक तंतू आधी जातात. कोमट-गार कळेनासं होतं, मग वेदना आणि हलका स्पर्श. घाम आणणारे तंतूही त्याच जातीचे, म्हणून आशाताईंनी घामाचं विचारलं होतं. पुढे मे महिन्यात मला हे डोळ्यांनी दिसलं : शेतातून आले की हात घामाने चिप्प, धूळ बसून मातकट झालेला, आणि मधोमध चट्ट्याची जागा कोरडी, स्वच्छ.

नळ्यांनंतर सरांनी बोटांच्या टोकांवर आणि तळहातावर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवून एका छापील चित्रावर खुणा केल्या. करंगळी, करंगळीखालचा तळहात आणि अनामिकेची बाहेरची अर्धी बाजू एवढ्यावर फुल्या पडल्या. मिरची न लागलेली जागा तंतोतंत तीच. मी त्यांना मिरचीचं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, अनामिका दोन नसांच्या हद्दीवर आहे. अर्धी मधल्या नसेची, अर्धी कोपरामागून येणाऱ्या अल्नर नसेची. (मिरची लावून घरी तपासू नका कुणी. बोटाची कातडी जाड असली तर चांगल्या हातालाही लागत नाही.)

मग त्यांनी माझा कोपर वाकवून हाडाच्या मागच्या खोबणीत बोट फिरवलं. डाव्या कोपराची नस हाताखाली सरकून गेली. उजवीकडची सुतळीसारखी जाड लागली, मलाही चाचपून दाखवली. गुडघ्याच्या बाहेरची, घोट्यामागची नस पाहिली, त्या ठीक होत्या. शेवटी करंगळी आणि अनामिकेमध्ये कागदाचा तुकडा धरायला सांगून ओढला. डावीकडे कागद फाटायच्या बेताला आला, उजवीकडे अलगद निघून आला.

चट्टे मोजले तर सात भरले. पाचपर्यंत असते तर सहा महिन्यांचं औषध. सहा किंवा जास्त असतील तर ‘एमबी’ (मल्टिबॅसिलरी, म्हणजे जास्त जंतूंचा) गट, बारा महिने. कागदावर तसं लिहिलं, निकुष्ठ नावाच्या पोर्टलवर नोंद केली. सर दोन बोटांनी टाइप करत होते. माझा जीव राहवेना, पण स्वतःची नोंद स्वतः टाइप करते म्हणायचं धाडस झालं नाही.

गोळ्या द्यायच्या आधी हिमोग्लोबिन पाहिलं आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट केली. आमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे आणि औषधातल्या डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकतं, म्हणून हे विचारून घ्या. माझं हिमोग्लोबिन १०.८ निघालं. लोहाच्या गोळ्या जोडीला मिळाल्या.

एमडीटी म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार. त्याचं पाकीट २८ दिवसांचं असतं. पहिल्या दिवसाचा मोठा डोस तिथेच, सिस्टरसमोर घ्यायचा : रिफाम्पिसिन ६००, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १०० मिलिग्रॅम. बाकी २७ दिवस घरी, रोज एक डॅप्सोन आणि ५० ची एक क्लोफाझिमिन. २८ दिवसांचा हिशोब असल्याने माझा वार कायम मंगळवार राहिला. बारा पाकिटं १८ महिन्यांच्या आत पूर्ण झाली पाहिजेत, एवढी सवलत नियमातच आहे. लग्नकार्यात एखादी तारीख मागेपुढे झाली म्हणून कुणी औषध सोडून देऊ नये. पैसे एक रुपयाही नाही. ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतात, बाजारात विकत शोधत फिरायचं कारण नाही.

मोठ्या डोसनंतर लघवी केशरी-लाल होते. मला सांगितलेलं होतं तरी दचकले. दुसऱ्या दिवशी उतरते. क्लोफाझिमिनने कातडी हळूहळू काळवंडते, चट्टे तर जास्तच, आणि कोरडी पडते. औषध थांबल्यावर काही महिन्यांनी रंग निवळू लागतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत अंगभर पुरळ, ताप, डोळे पिवळे असं काही झालं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मला यातलं काही झालं नाही.

यांना घरी आल्यावर सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पोराले होते का?” हा प्रश्न मीही सरांना विचारला होता. रोग उपचार न घेतलेल्या माणसाच्या श्वासातून, दीर्घ सहवासात पसरतो. बहुतेकांच्या अंगात मुळातच प्रतिकार असतो आणि औषध सुरू झालं की संसर्गाचा धोका झपाट्याने संपतो. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. रोग कुठून आला हे शोधण्यात अर्थ नसतो, कारण जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही.

घरातल्या सगळ्यांना तपासून रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला. मुलाला वयाप्रमाणे कमी. शेजारच्या घरांनाही हा डोस देतात, पण त्याआधी मला विचारलं गेलं : तुमचं नाव कळलेलं चालेल का? संमतीचा कागद असतो, ‘नाही’ म्हणायची मुभा असते. मी ‘नाव नको’ म्हटलं. आशाताईंनी ‘गावात तपासणी चालू आहे’ म्हणून आळीत गोळ्या दिल्या. कुणाला कळलं नाही असं नाही. गावात काय लपतं? एक चुलत जाऊ आमच्याकडे पाणी घ्यायची बंद झाली. तिला मी काही बोलले नाही. सासूबाई मात्र तिच्या दारात जाऊन जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

३० जानेवारीचं सांगायलाच हवं. त्या दिवशी गांधीजींची पुण्यतिथी, तोच कुष्ठरोग निर्मूलन दिवस. स्पर्श मोहिमेत गावोगाव ग्रामसभा घेतात. जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचायचा, भेदभाव करणार नाही अशी शपथ घ्यायची. संदेशाची प्रिंट मीच काढली, इतिवृत्तही मीच टाइप करणार होते. औषध सुरू होऊन आठवडा झालेला. सरपंचांनी शपथ वाचली, सगळ्यांनी हात पुढे केले, मीही केला. हसावं की रडावं कळेना. पण त्याच सभेत एका म्हाताऱ्याने उठून आपल्या पायाची जखम सगळ्यांसमोर दाखवली. ती भरत का नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पाकिटाच्या मंगळवारी तो माझ्या पुढच्या नंबरवर होता.

इथे या रोगाची ओळख जुनी आहे. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम उभं केलं, बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवन. एवढं असूनही माझ्या मनात या रोगाचं चित्र वसाहतीचंच होतं, गोळ्यांच्या पाकिटाचं नव्हतं. कायदाही उशिराच हलला. १८९८ चा लेपर्स अॅक्ट २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. या दोन तारखा मी यांना वाचून दाखवल्या. हे म्हणाले, “मले काहून सांगतेस?”

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री वाचन चालू होतं. सगळ्यात आवडलं ते मिरचीचं. उष्णता ओळखणारं एक प्रथिन बारीक तंतूंच्या टोकाशी असतं, टीआरपीव्ही१ नावाचं. ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडतं, विद्युतभार आत शिरतो आणि संदेश निघतो. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तेच प्रथिन उघडतं, म्हणून मेंदूला हात भाजतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तापमान तेवढंच असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं. गाराचं प्रथिन वेगळं, ते मेंथॉलनेही उघडतं. ते ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांनी स्वतंत्रपणे २००२ मध्ये ओळखलं. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. माझ्या कोपरावर बाम कधी गार लागला नाही, त्याचा अर्थ तेव्हा लागला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मग माणूस दिवसभर भाजल्यासारखा का ओरडत नाही? घामाने कातडी त्याखाली राहते म्हणून.

तिथून संदेश नसेतून पाठीच्या कण्यात येतो, तिथल्या पेशींकडे सोपवला जातो, कण्यातच बाजू बदलतो आणि थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यामार्गे मेंदूच्या वरच्या थरात पोचतो. उजव्या हाताचा चटका डाव्या मेंदूला कळतो. पण हात मागे ओढण्याचा हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला कळायच्या आत. गंजाचा काठ टेकला तेव्हा माझा हात हलला नाही, कारण कण्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

आणि करंगळीच का? हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला हा जंतू थंडाव्यात वाढतो. शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा कातडीजवळचे तीसेक अंश त्याला मानवतात. म्हणून कानाची पाळी, नाक, आणि कातडीलगतच्या नसा. कोपरामागे अल्नर नस अगदी वर असते. तंतूंना गुंडाळणाऱ्या श्वान (हे शास्त्रज्ञाचं नाव) पेशींत तो राहतो, दोन आठवड्यांत एकदा दुप्पट होतो. इतका आळशी जंतू, म्हणून तर वर्षानुवर्षं कळत नाही.

एप्रिलमध्ये खरा त्रास सुरू झाला. १६ एप्रिलला पाकीट आणायला गेले तेव्हा दोन दिवसांपासून चट्टे लाल, फुगलेले होते आणि कोपरापासून करंगळीपर्यंत कळा येत होत्या. गंमत अशी की करंगळीला टाचणी लावली तरी कळत नव्हतं आणि तीच करंगळी रात्रभर ठणकत होती. नसच सुजली की मधूनच संदेश सुटतात. मेंदूला ती तार करंगळीची म्हणूनच ठाऊक असते, त्यामुळे तो दुखणं करंगळीला लावतो. बधीर जागाही दुखू शकते, हे घरच्यांना पटवणं फार अवघड गेलं. रात्री सासूबाई दंड चोळून द्यायच्या, तेवढा वेळ बरं वाटायचं. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की कण्याच्या दारातच वेदनेची वाट थोडी अडते, असं मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. सासूबाईंना १९६५ ची गरज पडली नाही.

१९ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. सर निवडणुकीच्या ड्युटीवर, मॅडमही. सिस्टरने पाकीट दिलं आणि फोनवर विचारून सोमवारी जिल्ह्याला जायची चिठ्ठी दिली. ते सहा दिवस फार लांबले. २२ एप्रिलला हे आणि मी पहाटेच्या एसटीने नागपूरला गेलो. मला अर्धं तिकीट, यांना पूर्ण. डॉक्टरांनी सांगितलं, ही रिअॅक्शन आहे. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्यात नस चेपली जाते. औषध चुकलं किंवा वाढलं असा याचा अर्थ नसतो. एमडीटी चालूच ठेवायची. वर प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड : ४० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५. एकूण बारा आठवडे. मधेच बंद करायचं नाही. सुरू करण्याआधी शुगर, बीपी आणि जंताची गोळी. हाताला फळी बांधून झोळीत ठेवायला दिली. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ताकद परत येण्याची आशा चांगली असते, हे वाक्य मी धरून ठेवलं.

प्रेडनिसोलोनने भूक वाढते, चेहरा गोल होतो. क्लोफाझिमिनने मी काळी पडलेले. गावात बायका म्हणायच्या, “काळवंडली, पण भरली वं.” मीठ कमी करायला सांगितलं होतं, आमच्या घरी ठेच्याशिवाय घास उतरत नाही. ते बारा आठवडे मी वरण-भातावर काढले. पंधरा दिवसांत कळा गेल्या. जुलैच्या मध्याला शेवटची गोळी झाली, तेव्हा कागदाचा तुकडा बोटांत थोडा अडायला लागला होता. एंटरची कळ करंगळीने दाबता यायला लागली.

हात सांभाळायचं जे शिकवलं ते रोज करते. रात्री वीस मिनिटं साध्या पाण्यात हात बुडवून ठेवायचा, न पुसता वर खोबरेल चोळायचं. घाम नसल्याने कातडी फाटते आणि भेगेतून जखम होते. चुलीवरचं काही उचलायचं तर सांडशी डाव्या हातात. तव्याच्या दांड्याला कापड. आंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघायचं. विळा, खुरपं यांच्या मुठीला रबरी ट्यूब गुंडाळली, नाहीतर बधीर हात गरजेपेक्षा घट्ट आवळतो आणि फोड येतात. झोपण्याआधी दोन्ही हात दिव्याखाली उलटसुलट बघायचे. सुरुवातीला हे अपमानास्पद वाटायचं, आता दात घासल्यासारखं झालंय.

२४ डिसेंबरला पुन्हा तेच स्टूल. कापूस, नळ्या, पेन. तळहाताच्या कडेला पेन कळलं. करंगळीच्या टोकाला अजून नाही. गरम नळी तळहाताच्या कडेला ओळखली, उशिरा, पण ओळखली. कोपराखालच्या चट्ट्यावर मी परत चुकले. सर म्हणाले, तिथलं आता बहुधा असंच राहील. रोग गेला, नसेचं झालेलं नुकसान सगळं भरून येतंच असं नाही. मला वाईट वाटलं. कार्डावर ‘उपचार पूर्ण’ लिहून सही-शिक्का मिळाला. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ कार्ड कुणालाही देऊ नका. माझ्यासारखं वरून न दिसणारं बधिरपण त्यांच्या भाषेत ग्रेड १, दिसणारी विकृती ग्रेड २. ज्यांना विकृती राहिली आहे त्यांच्यासाठी, मी पंचायतीत फॉर्म भरते म्हणून सांगते : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा वेगळा प्रकार आहे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी जिल्ह्याला होते.

औषध संपल्यावरही रिअॅक्शन येऊ शकते. माझी पुढची तपासणी जून २०२५ ची ठरली. त्याआधी चट्टा लाल झाला, कोपर दुखला, करंगळी वाकडी वाटली किंवा डोळा नीट मिटेना झाला, तर मंगळवारची वाट न बघता यायचं, असं सरांनी कार्डाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. खाली त्यांचा फोन नंबर आहे, आणि ते निवृत्त झाल्यावर ज्यांना लावायचा त्यांचाही.